फेब्रुवारीत ट्रॉम्सोला चार रात्री: अरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसेल का?

पुण्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "फेब्रुवारीअखेर आई-बाबांना घेऊन चार रात्रींसाठी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जायचा विचार आहे. पण सौरचक्राचा, म्हणजे सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढ-उताराचा, उच्चांक २०२४ मध्येच होऊन गेला, आता सौरवादळं कमी होत जाणार, असं वाचलं. मग एवढा खर्च करून आत्ता जावं, की पुढच्या उच्चांकाची वाट पाहावी? मे २०२४ मध्ये लडाखमध्येही अरोरा दिसला म्हणतात. मग तिकडेच गेलं तर?"

आत्ताच जा. पुढच्या उच्चांकाची वाट पाहू नका, आणि अरोरासाठी लडाखला तर मुळीच जाऊ नका. मी मूळची साताऱ्याची. गेले बारा हिवाळे ट्रॉम्सोजवळ राहून पाहुण्यांना रात्री अरोरा दाखवायला घेऊन जाते. या बारा हिवाळ्यांत सूर्य शांत असतानाचीही वर्षं आली आणि खवळलेला असतानाचीही. तुम्हाला काय दिसणार हे ट्रॉम्सोत सूर्यापेक्षा ढगच जास्त ठरवतात.

असं का, ते नीट सांगते. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती, ध्रुवापासून थोडं अंतर राखून, प्रकाशाचं एक कडं असतं, हातातल्या बांगडीसारखं. ते कधीच पुरतं विझत नाही. सूर्याकडून येणारा कणांचा वारा मंद असला की आकसून फिकं पडतं, जोराचा असला की जाड होऊन दक्षिणेकडे पसरतं. एरवीच्या दिवसांत ही बांगडी साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवर असते आणि ट्रॉम्सो नेमकं तिच्याखाली येतं. स्वीडनमधलं आबिस्को, फिनलंडचा वरचा भाग, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ ही सगळी याच बांगडीखालची ठिकाणं. इथे अरोरा दिसायला वादळ लागत नाही. वादळ लागतं ते लंडन, बर्लिन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या माणसांना, कारण त्यांच्यासाठी बांगडी खाली ओढून आणावी लागते.

मे २०२४ चंच उदाहरण घ्या. १० मेच्या रात्री गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यांत मोठं भूचुंबकीय वादळ झालं. ३६६४ क्रमांकाच्या सौरडागांच्या समूहातून चुंबकित वायूचे एकामागून एक लोट निघाले आणि पृथ्वीवर येऊन आदळले. वादळ जी५ पायरीला पोचलं, म्हणजे मोजपट्टीच्या शेवटच्या पायरीला. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. इंग्लंडमधला माझा मावसभाऊ घरामागच्या अंगणात उभा राहून फोनवर मला डोक्यावरचा गुलाबी प्रकाश दाखवत होता. फ्लोरिडा, मेक्सिकोपर्यंत लोकांनी अरोरा पाहिला. आणि आम्हाला, बांगडीखाली राहणाऱ्यांना, काहीही दिसलं नाही, कारण मे महिन्यात ट्रॉम्सोला रात्रच होत नाही. क्षितिजाखाली गेलेला सूर्य जरा वेळाने पुन्हा वर येतो, आणि मधल्या वेळात आकाश उजळलेलंच राहतं. म्हणून तारीख ठरवताना आधी अंधार बघायचा, सूर्य नंतर. फेब्रुवारीअखेर ट्रॉम्सोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सात वाजेपर्यंत चांगला काळोख होतो. तुम्ही निवडलेला काळ उत्तम आहे.

आता उच्चांक ओसरण्याबद्दल. सध्याचं पंचविसावं सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सूर्य उच्चांकाच्या काळात पोचल्याचं जाहीर केलं. पण उतरती बाजू म्हणजे शांतता नव्हे. २००३ ची ऑक्टोबर-नोव्हेंबरची गाजलेली वादळं आली ती त्या चक्राचा उच्चांक उलटून गेल्यावर. आणखी एक गोष्ट आम्हा बांगडीखालच्या लोकांच्या फार कामाची आहे. उतरत्या वर्षांत सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे बाहेरच्या विरळ वातावरणात, मोठाले काळे भाग दिसतात, त्यांना कोरोनल होल म्हणतात. तिथलं चुंबकीय क्षेत्र कमानीसारखं वळून परत न येता थेट अवकाशात उघडतं, त्यामुळे कण सुसाट सुटतात. एरवी सौरवारा सेकंदाला तीनशे-चारशे किलोमीटर वेगाने येतो, इथून निघालेला सहाशे-सातशेच्या घरात जातो. त्याने जी५ वादळ होत नाही, पण ट्रॉम्सोत सलग दोन-तीन रात्री सुंदर अरोरा होतो.

सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने तोच काळा भाग साधारण २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतो. म्हणून मी पाहुण्यांना एक सवय लावते: तुमच्या चार तारखांतून प्रत्येकी २७ दिवस वजा करा आणि त्या रात्री भूचुंबकीय हालचाल कशी होती ते पाहून ठेवा. तेव्हा जोर असेल तर तुमच्या वेळीही असण्याची शक्यता चांगली. तीन दिवसांपलीकडचा जो काही अंदाज बांधता येतो तो मुख्यतः याच्याच आधारावर. शिवाय मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या मागेपुढे पृथ्वीचा आणि सौरवाऱ्याचा चुंबकीय मेळ जास्त जुळतो आणि हालचाल वाढते. फेब्रुवारीअखेर तुम्ही त्या काळाच्या उंबरठ्यावर असाल.

जायची तारीख जवळ आली की तुम्ही बातम्या बघायला लागाल आणि घाबराल किंवा हुरळून जाल. तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. 'सूर्यावर प्रचंड स्फोट' अशी बातमी असते ती बहुतेक वेळा सौरज्वालेची. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि उजेडातल्या बाजूच्या रेडिओ संपर्काला त्रास देतात, पण अरोरा त्याने होत नाही. अरोरा होतो तो तिच्याबरोबर कधी कधी बाहेर फेकल्या जाणाऱ्या लोटामुळे, ज्याला सीएमई म्हणतात. अब्जावधी टन चुंबकित वायूचा हा लोट पृथ्वीच्या दिशेने निघाला असेल तरच आपल्या उपयोगाचा, आणि त्याला पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात.

तो पोचल्यावरही एक गोष्ट उरतेच. लोटाबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असावी लागते. अंदाज देणाऱ्या अॅपवर ती 'बीझेड' नावाने दिसते. बीझेड उणे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या दाराची कडी निघाली असं समजा, अधिक असेल तर दार बंद. मोठा लोट येऊन नुसताच निघून गेलेला मी अनेकदा पाहिला आहे, कारण बीझेड तासन् तास अधिकच राहिला. ही दिशा आधीपासून सांगता येत नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला पंधरा लाख किलोमीटरवर एल१ नावाची जागा आहे, तिथल्या यानांवरून लोट गेला की मगच कळतं. हिशेब करा: सेकंदाला ५०० किलोमीटरने येणाऱ्या वाऱ्याला तिथून पृथ्वीवर पोचायला ५० मिनिटं लागतात. खरीखुरी पूर्वसूचना एवढीच असते. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून त्याच जागेभोवती फिरतंय आणि त्याच्यावर सौरवाऱ्याचे कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणं आहेत. गाडीतल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते एल१ चे आकडे वेगळ्याच आपुलकीने बघायला लागतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

'केपी' या आकड्यावर मात्र जीव टांगू नका. शून्य ते नऊ असा हा आकडा साऱ्या पृथ्वीवरच्या तीन तासांच्या हालचालीची गोळाबेरीज असतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात केपी सहा होणार असा अंदाज होता. मी आनंदाने गटाला पश्चिमेच्या किनाऱ्याकडे, क्वालोया बेटावर नेलं, कारण तिथला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, फोटोत सुंदर दिसतो. ढगांचा नकाशा धड पाहिलाच नाही. रात्री एकपर्यंत आम्ही मळभाखाली थिजत उभे होतो, आणि मधूनच ढगांची खालची बाजू हिरवट व्हायची, म्हणजे वर सगळं चाललं होतं. त्याच वेळी दोन तासांवरच्या स्कीबॉटनमध्ये आभाळ मोकळं होतं. त्या गटात नागपूरचं एक जोडपं होतं, त्यांची ती शेवटची रात्र होती. ती चूक माझी होती आणि अजून मनात आहे. तेव्हापासून केपी एक असला तरी मी मोकळ्या आभाळाकडे गाडी वळवते, आणि केपी सहा असला तरी ढगाखाली थांबत नाही.

ट्रॉम्सो समुद्रकाठी असल्याने ढग आणि बर्फ भरपूर. पण पूर्वेला लिंगेनचे उंच डोंगर आहेत. समुद्रावरून येणारा ओलावा त्यांच्यावर अडतो आणि पलीकडे स्कीबॉटनच्या खोऱ्यात आभाळ पुष्कळदा उघडं राहतं. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि माण-खटावला कोरडं, तसाच हा प्रकार, म्हणून मला तो फार लवकर समजला. स्कीबॉटनलाही ढग असतील तर आणखी पुढे फिनलंडच्या हद्दीतलं किल्पिसयार्वी. म्हणून आई-बाबांसह सगळ्यांचे पासपोर्ट प्रत्येक रात्री सोबत ठेवा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण कागद जवळ हवेत. स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. बर्फाच्या रस्त्यावर काळोखात चार तास गाडी हाकायची सवय आपल्याला नसते. छोट्या गाडीतून ढग चुकवत फिरणारा मार्गदर्शक निवडा, ठरलेल्या एकाच जागी नेणारी मोठी बस नको. बुकिंगच्या वेळी विचारा, "ढग असतील तर किती लांब नेता?" उत्तरात किलोमीटर आले पाहिजेत. 'शंभर टक्के दिसणारच' असं जो म्हणेल त्याच्याकडे पैसे भरू नका.

चार रात्री म्हणजे चारही रात्री बाहेर पडायची तयारी ठेवा, निदान तीन. हवामान एकदा बिघडलं की दोन-दोन दिवस तसंच राहू शकतं, पण चार रात्रींत एखादी फट बहुतेक वेळा सापडतेच. चार रात्री फिरलेला गट पूर्ण रिकाम्या हाताने परतला, असं माझ्याबाबतीत फार क्वचित घडलं आहे. पहिल्याच रात्री आभाळ मोकळं असेल तर प्रवासाचा शीण बाजूला ठेवून निघा.

आता प्रत्यक्ष काय दिसेल ते सांगते, कारण फोटो पाहून आलेली माणसं पहिल्या अर्ध्या तासात हिरमुसतात. सुरुवातीला उत्तरेकडे एक राखाडी पट्टा दिसतो. एका वर्षी बरोबर एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर धुकं आहे." मी त्यांना म्हटलं, "त्याच्या आरपार बघा, तारे दिसतात का?" ढगामागचे तारे झाकले जातात, अरोरामागचे दिसत राहतात. फोन दगडावर टेकवून तीन सेकंदांचा फोटो काढला तर तोच पट्टा हिरवागार आला. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत, कॅमेऱ्याला येतात, एवढाच तो फरक. त्यानंतर पाऊण तास काहीच बदललं नाही. आजी गाडीत जाऊन बसल्या. साडेदहाला पट्ट्याची खालची कड धारदार व्हायला लागली. मी त्यांना हाक मारून बाहेर बोलावलं. पूर्वेकडून एक उजळ गाठ पट्ट्यावरून धावत आली, पट्टा फुटला, त्याच्या चुण्या झाल्या, आणि वाऱ्यावर पदर हलावा तसं सगळं आकाश हलायला लागलं. आता रंग डोळ्यांनाच दिसत होते, हिरवा आणि खालच्या काठाला गुलाबी. आजींनी हात जोडले होते. बर्फावर आमच्या सावल्या पडल्या होत्या. आठ-दहा मिनिटांत सगळं विरलं.

हा जो भडका उडतो त्यामागे पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत साठत गेलेली ऊर्जा असते. सौरवारा ही शेपटी रबरासारखी ताणत जातो, आणि ती सुटली की इलेक्ट्रॉन वेगाने खाली वातावरणात घुसतात. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवे उजळतात, दोनशेच्या वर तेच अणू लाल. लाल रंग द्यायला अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात, आणि खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसऱ्या कणांशी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते, म्हणून लाल फक्त वरच. काठाची गुलाबी किनार नायट्रोजनची. ताणायला वेळ लागतो म्हणून वाट पाहावी लागते. नऊ ते एक हा काळ सोडू नका, आणि एक भडका संपला म्हणून लगेच परतू नका. दुसरा बऱ्याचदा तास-दीड तासात येतो. चंद्राची काळजी करू नका. चांदण्यात बर्फाचे डोंगर उजळतात आणि चांगला अरोरा चांदण्यातही दिसतो.

लडाखचं म्हणाल तर तिथे खरोखर प्रकाश नोंदला गेला, ते खोटं नाही. हानले इथल्या वेधशाळेच्या आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी एप्रिल २०२३, मे २०२४ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लाल झाक टिपली. पण ती क्षितिजाजवळची, लांब वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याला दिसलेली. ४०० किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश सुमारे २२०० किलोमीटर दुरून क्षितिजावर दिसू शकतो, म्हणजे हानलेहून जे दिसलं त्यातलं बरंचसं आकाश मध्य आशियावरचं होतं. काही वेळा तिथे दिसतो तो नेहमीचा अरोराही नसतो, तर वादळात तापलेल्या वरच्या वातावरणाचा एकसंध लाल पट्टा असतो. त्यात पडदे नाहीत, हालचाल नाही. शिवाय चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला असल्याने आपला भूभाग बांगडीपासून आणखी लांब पडतो. म्हणून मेक्सिकोच्या उत्तरेला जे सहज दिसतं ते तेवढ्याच अक्षांशावरच्या हानलेला दिसत नाही. हानलेला आकाशगंगा पाहायला जरूर जा.

महाराष्ट्रातून तर प्रश्नच नाही, असं म्हणायला जाते तर १८७२ आडवं येतं. त्या वर्षी ४ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईहून अरोरा दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती. इतकं मोठं वादळ शतकात एखाददुसरं. त्याच्या तेरा वर्षं आधीचं, १८५९ च्या सप्टेंबरचं वादळ तर सगळ्यांना ठाऊक असतं: १ सप्टेंबरला खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरची ज्वाला डोळ्यांनी पाहिली आणि साडेसतरा तासांच्या आसपास लोट पृथ्वीवर धडकला. पण ते वादळ किती मोठं होतं हे सांगणारी जगातली सगळ्यांत मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. मुंबईत तेव्हा दिवस होता, आकाशात काही दिसण्यासारखं नव्हतं. कुलाब्यात माणसं दुर्बिणीतून चुंबकसूचीचे आकडे वाचून हाताने लिहीत होती, आणि त्यांनी पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेलं टिपलं, म्हणजे एरवीच्या साधारण चार टक्क्यांनी. मे २०२४ च्या वादळाचा साऱ्या पृथ्वीसाठी काढलेला आकडा चारशेच्या आसपास होता. दोन्ही आकडे काढायची रीत वेगळी आहे, तरी अंदाज येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडू नये म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. तिथली वेधशाळा आजही चालू आहे. कधी अलिबागला गेलात तर समुद्रावरून परतताना आई-बाबांना ती जागा बाहेरून तरी दाखवा.

आता तुमच्या तयारीचं. ट्रॉम्सो शहरात फेब्रुवारीत उणे पाच-सहा असतं, पण स्कीबॉटनच्या पुढे उणे वीसच्या खालीही जातं, आणि आपण तिथे चालत नसतो, उभे असतो. अंगाला लागून सुती कपडा नको, लोकरीचा हवा. बूट एक माप मोठे घ्या, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलतील. घट्ट बुटात पाय आधी बधिर होतात. बाबांच्या बुटांना लावायचे बर्फाचे खिळे ट्रॉम्सोतच मिळतात, पोचल्या पोचल्या घ्या. अरोरा बघताना लोक वर बघत चालतात आणि घसरतात, दर हिवाळ्यात पाहते. दोघांपैकी कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते बॅगेत ठेवू नका, अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, आणि साखर मोजायचं यंत्रही थंडीत दगा देतं. फोनची बॅटरी अशीच उतरते, त्यामुळे दोन फोटोंच्या मध्ये फोन कोटाच्या आत ठेवा. कॅमेरा असेल तर तिपाई, भिंगाचं सर्वांत मोठं छिद्र, आयएसओ १६०० ते ३२००, आणि अरोरा हलत असेल तर दोन-तीन सेकंद, मंद असेल तर आठ-दहा. परत हॉटेलात शिरण्यापूर्वी तो पिशवीत बंद करा, नाहीतर आत गेल्यावर काचेवर दव धरतं.

आणि भडका उडाला की पहिली दोन मिनिटं फोन खिशातच राहू द्या. आई-बाबांच्या शेजारी उभे राहा, त्यांना पूर्वेकडे बघायला सांगा. ती उजळ गाठ बहुतेक वेळा तिकडूनच येते.